एसएमएस मोडीत निघाला, हे शिवारात खरे नाही

व्हॉट्सअॅप आले आणि एसएमएस संपला, असे शहरातली मंडळी म्हणतात. गप्पागोष्टींपुरते ते खरेही आहे. संक्रांतीच्या शुभेच्छा केव्हाच तिकडे गेल्या. पण शेतकऱ्याचा व्यवहार बघा. बँकेत पैसे जमा झाल्याचा निरोप, महाडीबीटीचा ओटीपी, फार्मर आयडीसाठी आधारची पडताळणी, सगळे अजून एसएमएसवरच अडलेले आहे.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्याला इंटरनेट लागत नाही. रेंज नसेल तर संदेश कंपनीच्या यंत्रात काही काळ थांबतो, रेंज आली की पोचतो. बटणाच्या साध्या फोनवरही चालतो. वाडीवस्तीवर याची किंमत कळते.

मेख वेगळीच आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीची फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतात. ‘उद्या जोरदार पावसाची शक्यता, काढलेले सोयाबीन झाकून ठेवा’ एवढ्यातच ५५ घरे भरली. मग तालुका कोणता, पाऊस किती वाजता, हे कुठे घालायचे? संदेश लांबवला तर एकाचे दोन होतात आणि खर्चही वाढतो. केंद्राने २०१३ साली एमकिसान सुरू करून कृषी सल्ला मोबाईलवर आणला. पण असला सल्ला गावाचे नाव घेऊन आला तरच कामाचा, नाहीतर वाचला काय न वाचला काय!

पुढे येऊ घातले आहे ते आरसीएस. त्यात लांब मजकूर जातो, कीड लागलेल्या पानाचा फोटोही जातो. मात्र त्याला स्मार्टफोन आणि इंटरनेट हवे. म्हणजे ज्याच्याकडे ते नाही, त्याला जुन्या एसएमएसचाच आधार. बँकांचेही वारे बदलते आहे. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनी, अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६, ओटीपीखेरीज इतर पडताळणीला वाट दिली. ओटीपी बंद केलेला नाही, हेही ध्यानात घ्या.

ओटीपी मागून पैसे लुबाडणारे गावात पोचलेच आहेत. २०२५ पासून संदेश पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी इंग्रजी अक्षर येते: सरकारी असेल तर जी, जाहिरात असेल तर पी. अनुदान देतो म्हणणारा निरोप साध्या दहा आकडी नंबरवरून आला, तर त्यातल्या लिंकला हात लावू नये.

तलाठी-ग्रामसेवकांनी मात्र एक काम हाती घ्यावे. रिचार्जविना बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्यालाच मिळतो आणि शेतकऱ्याचा ओटीपी भलत्याच्या हाती जातो. कुणाच्या आधारला पुण्याला गेलेल्या पोराचा नंबर जोडलेला असतो. ग्रामसभेत यादी वाचून नंबर तपासून घ्यावेत. निव्वळ बोलणे आणि एसएमएस एवढ्याचेच रिचार्ज ठेवा, असे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. दुकानदार आपणहून ते सांगेल असे नाही, मागून घ्यावे लागेल.