नाण्याचा सातबारा

रत्नागिरीजवळच्या पावसच्या जुन्या घरांतून पडवी ओलांडून माजघरात शिरलं, की देव्हाऱ्यातल्या ताम्हनात शाळिग्राम आणि बाळकृष्णाच्या शेजारी पुष्कळदा एक तांब्याचा तुकडा बसलेला असतो. कडा चेपलेल्या, अंगावर हळदीकुंकवाची पुटं. नखानं हळूच कुंकू बाजूला सारलं तर एका अंगाला एकाखाली एक ‘श्री’, ‘राजा’, ‘शिव’ आणि दुसऱ्या अंगाला ‘छत्र’, ‘पति’ अशी अक्षरं वर येतात. ही शिवराई. (सणासुदीला ती चिंचेनं घासून लखलखीत करायची पद्धत आता थांबवायला हवी. दरवेळी नाण्यावरचं थोडं थोडं अक्षर चिंचेबरोबर मोरीत वाहून जातं.)

ही घरात कुठून आली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पणजोबांच्या वेळची. त्यापलीकडे काही नाही. त्याच घरात आगरातल्या चार कलमांबद्दल विचारून पाहावं. जमीन कोणाकडून आली, कूळ कोण होतं, फेरफार कोणत्या साली झाला, कोणत्या भावकीनं हरकत घेतली, सगळं तोंडपाठ. वर लोखंडी पेटीतून कागदही निघतात. कोकणातला माणूस अर्ध्या गुंठ्याची कुळकथा जपतो आणि दोनशे-तीनशे वर्षं घरात असलेलं नाणं मात्र बेवारशासारखं पडून राहतं.

जगभरच्या नाणेसंग्राहकांना सध्या हाच प्रश्न भेडसावतो आहे. नाणं अस्सल आहे की नकली, एवढं कळून भागत नाही. ते जमिनीतून कधी निघालं, कोणाच्या हातून कोणाकडे गेलं, आणि मधल्या काळात एखादं युद्ध झालं असेल तर त्या युद्धात ते कुठे होतं? युद्धात घरं जळतात, संग्रहालयं फुटतात, माणसं परागंदा होतात आणि मालकीची साखळी नेमकी तिथे तुटते. तुटलेल्या जागी विकणारा आपल्या सोयीची कडी बसवून देतो.

महाराष्ट्राला हा विषय नवा वाटायचं कारण नाही. युद्धाचा पुरावा थेट नाण्याच्या अंगावर उमटल्याचं देशातलं एक फार मोठं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं आहे. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली १३,२५० नाणी तपासली. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची: एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक वळणाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. यातल्या ९,२७० नाण्यांवर नंतर दुसराच छाप मारलेला होता. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा.

असं एखादं नाणं भिंगाखाली धरून जरा तिरकं करावं. तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नदीसारखी नागमोडी रेघ दिसते. हे सातवाहनांचं चिन्ह. उलटं केलं की ज्याला ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात ती चार वर्तुळं. पण नव्या ठशाचा दाब सगळीकडे सारखा बसलेला नसतो. डोंगराच्या बाजूनं कुठे नहपानाचं नाक डोकावतं, कुठे गालाची गोलाई, कुठे ग्रीक अक्षराचा पाय. जिंकणाऱ्यानं चांदी वितळवली नाही. हरलेल्याचीच नाणी ऐरणीवर ठेवून त्यांच्यावर आपला ठसा ठोकला. दोन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या त्या तुकड्यावर हस्तांतराची नोंद अशी चांदीतच झाली. साठ्यात या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाचंही नाणं नव्हतं. त्यामुळे तो केव्हाच्या सुमारास पुरला गेला असेल, याचाही अदमास बांधता येतो.

जमिनीचा फेरफारही तिथेच सापडतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्राचा लेख त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षाचा आहे. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला कळवलं आहे, की आजवर उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं शेत आता इथल्या भिक्षूंना दिलं आहे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. त्याच डोंगरातल्या दहाव्या लेण्यात त्यानं स्वतः सत्तर हजार कार्षापणांच्या दानाची नोंद कोरून ठेवली होती. सासऱ्याच्या नाण्यांवर नवा छाप बसला आणि जावयाच्या शेताला नवा खातेदार आला. जुना मालक कोण, नवा कोण, अदलाबदल कशानं झाली, हे दोन्हीकडे लिहिलेलं आहे. जेत्यानं मागल्या मालकाचं नाव पुसलं नाही, हे या लेखाचं मोठेपण.

पुढल्या लढायांत इतका चोखपणा राहिला नाही.

१० मे १८१८ रोजी रायगड पडला. कर्नल प्रॉथरच्या तोफांनी गडावरचे वाडे पेटले, दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई गडाखाली उतरल्या आणि गडावर इंग्रजांना पाच लाखांची रोकड मिळाली. पाच लाख, एवढीच नोंद. त्यात होन किती, मोहरा किती, रुपये कोणत्या टांकसाळीचे, याला लढाईच्या हिशेबात जागा नसते. लुटीची मोजदाद किमतीत व्हायची. ती गोळा करायला सैन्यातूनच ‘प्राइज एजंट’ नेमलेले असत. ते माल विकून रक्कम करत आणि मग हुद्द्याप्रमाणे वाटणी होई. दख्खनच्या लुटीचं वाटप तर कित्येक वर्षं रेंगाळलं आणि त्याच्या विश्वस्तांत खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. नाशिकचा प्रसिद्ध हिरा याच लुटीतून विलायतेला गेला. हिरा एकच असल्यामुळे त्याचा माग निघतो. थैलीतला होन थैलीतच हरवतो.

रायगडच्या तहात शिबंदीची खासगी मालमत्ता सुरक्षित राहील असं कलम होतं. त्या भरवशावर पेशव्यांचे गडावरचे अधिकारी नारो गोविंद औटी पुण्यास आले. इंग्रजी कागदांत ते ‘नारोबा’ म्हणून येतात. पुण्याचा कारभार तेव्हा कॅप्टन रॉबर्टसनकडे होता आणि त्याच्यावर इंग्रजांचा कमिशनर एल्फिन्स्टन. नारोबांजवळचा खजिना हा त्यांचा नसून बाजीरावाचा आहे, असं म्हणून तो जप्त झाला आणि नारोबांना कैद झाली. पुढे त्यांच्या मृत्युपत्राचे कारभारी अमीरचंद बद्रीचंद यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि चक्क एल्फिन्स्टनविरुद्ध जिंकला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. १८३० मध्ये निकाल फिरला. लढाई भडकलेली नसली तरी ती अजून संपलेली नव्हती, म्हणून ही युद्धातली जप्ती ठरते आणि तिच्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, असं ठरवण्यात आलं.

या निकालानं एका प्रश्नाला बगल दिली, तो म्हणजे खजिना खरोखर कोणाचा होता. नारोबांचा की बाजीरावाचा, हे ठरवण्याची गरजच उरली नाही. त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षं उलटली तरी बाजारात ‘रायगडच्या खजिन्यातला होन’ अशी बोली ऐकू येते. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन मुळात अतिदुर्मीळ आणि नकला अमाप. त्यातून रायगडच्या लुटीचा अमुक एक होन म्हणजे हाच, असं सांगणारा कागद कसा निघणार? ज्या हिशेबात रोकड लाखांत मोजली, त्यात सुट्या नाण्याचं नाव नाही. असा कागद कोणी पुढे केलाच, तर नाण्याआधी कागदाची परीक्षा करावी.

मग माग लागतो तो कसा? नाण्याच्या अंगावरून. जुनी नाणी हातानं ठोकलेली. ठसा कधी डावीकडे सरकतो, कधी कड फाटते, कधी हातोड्याच्या घावानं चीर जाते. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात. लिलावाच्या जुन्या याद्यांत नाण्यांची छायाचित्रं छापलेली असतात. हातातल्या नाण्याची कड, चीर, ओरखडा त्या चित्राशी जुळला, तर अमुक साली ते अमुक ठिकाणी होतं एवढं पक्कं होतं. युरोपात १९३३ ते १९४५ या वर्षांना म्हणूनच महत्त्व आहे. १९३३ आधीच्या यादीत एखाद्या ज्यू संग्राहकाकडे दिसलेलं नाणं युद्धानंतर भलत्याच नावावर निघालं, तर मधल्या बारा वर्षांत त्या माणसाचं काय झालं, हे विचारणं भाग पडतं. बर्लिनच्या नाणेसंग्रहाच्या पेट्या युद्ध संपल्यावर रशियात गेल्या आणि १९५८ मध्ये परत आल्या. त्या सरकारी संग्रहाच्या होत्या आणि नोंदी जागेवर होत्या. घरातून पळालेल्या माणसाच्या खिशातलं नाणं असं परत येत नाही.

आपल्या शेजारचीच गोष्ट अफगाणिस्तानची. तिथल्या यादवीत मे १९९३ मध्ये काबूलच्या संग्रहालयावर रॉकेट पडलं. आगीतून वाचलेलं पुढे लुटलं गेलं, त्यात हजारो नाणी गेली. त्याच सुमारास पक्तिया प्रांतात मीर जका इथे नाण्यांचा प्रचंड साठा बेकायदा उकरला जात होता. नाणकतज्ज्ञ ओस्मंड बोपेअरच्ची यांनी १९९४ मध्ये पेशावरच्या बाजारात ती नाणी पोत्यांनी भरलेली पाहिली. इंडो-ग्रीक, शक, कुषाण, म्हणजे पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतून ज्यांच्यासाठी टेबलाभोवती गर्दी होते तीच नाणी. मिनँडरचा चांदीचा द्रम्म हाती घेणाऱ्या मराठी संग्राहकानं ‘नव्वदच्या आधी हा कुठे होता’ असं विचारलं, तर ती चिकित्सा रास्तच. संग्रहाची इभ्रत अशा प्रश्नांवरच टिकते.

न विचारल्यानं काय होतं, हे २०२३ मध्ये दिसलं. ज्यूलियस सीझरच्या हत्येचं स्मारक म्हणून ब्रूटसनं पाडलेलं सोन्याचं नाणं, ज्यावर दोन खंजीर आणि मध्ये टोपी आहे, ते लंडनच्या रोमा न्युमिस्मॅटिक्सनं २०२० मध्ये बेचाळीस लाख डॉलरच्या आसपास विकलं. यादीत पूर्वीचा मालक म्हणून एका बॅरनचं नाव होतं. ते खोटं निघालं. लिलावगृहाच्या मालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, पुढे त्यानं गुन्हा कबूल केला आणि नाणं मार्च २०२३ मध्ये ग्रीसला परत गेलं. नाणं अस्सल होतं, कुळकथा तेवढी बनावट.

परत कोकणात यावं, तर रत्नागिरीत युद्धाची आणखी एक आठवण उभी आहे, थिबा राजवाडा. २८ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रह्मदेशातला मंडालेचा राजवाडा इंग्रजांच्या हाती गेला आणि थिबा राजाला आधी मद्रासला व १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. राजवाड्यातलं किती काय कोणाच्या खिशात गेलं, याचा हिशेब लागला नाही. नागामौक नावाचं माणिक त्याच गडबडीत नाहीसं झालं आणि राजा ते अखेरपर्यंत मागत राहिला. त्याच ब्रह्मदेशचा मोराचा रुपया संग्राहकांच्या आवडीचा. पण तो थिबाचा नव्हे. त्याचे वडील मिंडोन यांनी विलायतेहून यंत्रं आणून १८६५ पासून तो पाडला. तो रोजच्या वापराचा, गावोगाव फिरणारा पैसा होता. रुपयावर मोर आहे म्हणून तो थिबाच्या पेटीतून आला, असं रत्नागिरीतही म्हणता येत नाही. त्यासाठी राजाकडून कोणी घेतला, कधी घेतला, हे सांगणारी पावती किंवा पत्र हवं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी नेण्याचा मार्ग खासगी माणसाला बंद केला आहे. तरीही नांगराला लागलेलं मडकं आधी सोनाराकडे जातं आणि गावाचं नाव तिथेच वितळतं. जोगलटेंभीचा साठा विखुरण्याआधी एका अभ्यासकाच्या टेबलावर आला, म्हणून आज नहपानाच्या पराभवाचा काळ मांडता येतो. तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून विकली गेली असती, तर उरलं असतं ते फक्त दुहेरी छापाचं कुतूहल. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. नाणं ओळखून घ्यायला परगावी धावायची गरज नाही.

पावसच्या ताम्हनातल्या शिवराईलाही एवढं करता येईल. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तिचं वजन घ्यावं. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा, असे तीन फोटो काढावेत. घरात पुतळ्यांची माळ असेल तर तिचेही काढावेत. क्वचित त्यातली एखादी पुतळी खरोखरच व्हेनिसचा डुकाट निघते. संतापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख तिच्यावर दिसतो. ते राज्य नेपोलियननं १७९७ मध्ये बुडवलं, तरी त्याचं सोनं कोकणातल्या गळ्यात राहिलं. मग वहीत लिहून ठेवावं: पणजोबा म्हणजे नेमके कोणते? ते पुण्यास पेशव्यांच्या चाकरीत होते का? जवळच्या पूर्णगडच्या शिबंदीत कोणी होतं का? १८१८ मध्ये तो गड इंग्रजांकडे गेला तेव्हा घरचे लोक कुठे होते? नाणं देव्हाऱ्यात कोणी ठेवलं, सासरकडून आलं की माहेराहून?

यातलं बरंच काही घरातल्या नव्वदीच्या आजींना अजून ठाऊक असतं. दुपारी आंबोशी निवडताना त्यांच्याजवळ वही घेऊन बसलं, तर त्या सांगतात. बहुतेकींना आजवर हे कोणी विचारलेलंच नसतं.