प्रतीकापुढे बरोबरीचे चिन्ह नको

मतदान यंत्रावरच्या निशाणीचा अर्थ एकच असावा लागतो. २०२४च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने शरद पवार यांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ ही निशाणी दिली. बटणासमोरचे चित्र पाहताच मतदाराला पक्ष ओळखता यावा, एवढेच तिचे काम. दोन मतदारांनी तिचे दोन अर्थ लावले, तर निशाणी फसली. केशवसुतांनी १८९३मध्ये लिहिलेल्या ‘तुतारी’चे तसे नाही. तिच्यातली तुतारी जुन्या रूढींवर चाल करून जाण्याची हाक आहे, सुस्तावलेल्या समाजाला जागे करण्याचे साधन आहे, आणि कवीला आपल्या शब्दांत जे बळ हवे आहे त्याचेही ते रूप आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे वाचक तिच्यात आपापल्या काळाचा अर्थ ओतत आले, म्हणूनच ती टिकली. आपल्या माध्यमिक शाळांत मात्र कवितेतल्या तुतारीला मतदान यंत्रावरच्या निशाणीसारखे वागवले जाते. ‘तुतारी म्हणजे क्रांती’ असे वहीत एका ओळीत उतरवून घेतले की धडा संपला. प्रतीकांवर लिहायला मुलांना खरोखर शिकवायचे असेल, तर आधी लेखाचा आराखडा करायला शिकवले पाहिजे. तो आराखडा तयार अर्थापासून सुरू होता कामा नये. त्याची सुरुवात कवितेत प्रत्यक्ष काय दिसते, येथून व्हायला हवी.

आज काय होते ते पाहू. दहावीच्या ‘कुमारभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकात कवितेचे रसग्रहण विचारले जाते आणि त्यासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे दिले जातात. हे मुद्दे चुकीचे नाहीत. कविता काय सांगते, कशी सांगते आणि कोणत्या भाषेत सांगते, या तिन्ही गोष्टींकडे मुलांचे लक्ष जावे हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. अडचण अशी की हे तीन कप्पे आहेत, आणि कप्पे एकमेकांशी न बोलताही भरता येतात. आशयाच्या कप्प्यात कवितेचा सारांश, सौंदर्याच्या कप्प्यात प्रतीकाचा ठरीव अर्थ, भाषेच्या कप्प्यात ‘साधी, सोपी व ओघवती शैली’. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच हे कप्पे वर्षानुवर्षे भरून देतात आणि क्लासमध्ये ते घोकून घेतले जातात. अशा उत्तराची एक सोपी परीक्षा आहे. त्यातले कवितेचे आणि कवीचे नाव खोडून दुसरे घालावे. उत्तर तरीही जसेच्या तसे चालत असेल, तर ते लिहिणाऱ्याने कविता वाचलेली नाही, फक्त चौकट भरली आहे. त्याला पूर्ण गुण मिळत असतील, तर दोष त्या मुलाचा नाही.

हे बरोबरीचे चिन्ह मुलांच्या डोक्यात येते कुठून? बरेचसे व्याकरणाच्या तासातून. तिथे अलंकार शिकवताना उपमेय कोणते, उपमान कोणते, याची जोडी लावायला सांगतात. मुख आणि कमळ, आई आणि सागर अशी जोडी लावली की उत्तर बरोबर. अलंकार ओळखण्यापुरते ते ठीक आहे. पण तीच सवय मुले प्रतीकाकडे घेऊन जातात आणि तिथे ती अपुरी पडते, कारण प्रतीकाची दुसरी बाजू कवितेत लिहिलेली नसते. ती वाचकाला बांधावी लागते. ही सवय रूपककथेतही पुरत नाही. दहावीच्याच पुस्तकातली वि. स. खांडेकरांची ‘गवताचे पाते’ घ्या. झाडावरून गळणाऱ्या पानाच्या आवाजाने झोपमोड झाली म्हणून गवताचे पाते कुरकुरते, पान त्याला तुच्छतेने बोलते. पान म्हणजे जुनी पिढी आणि पाते म्हणजे नवी, अशी जोडी लावून टाकण्याचा मोह होतो. पण ते पान मातीत मिसळते, वसंतात गवताचे पाते होऊन उगवते आणि पुढच्या हिवाळ्यात गळत्या पानांविषयी तीच कुरकुर करते. आधी जे एका बाजूला होते तेच दुसऱ्या बाजूला गेले, म्हणजे पान आणि पाते ही दोन माणसे नव्हेत, एकाच स्वभावाच्या दोन वेळा आहेत. पहिल्या परिच्छेदावरच जोडी लावून मोकळे झालेल्या विद्यार्थ्याच्या हातून कथेचे सगळे मर्म निसटते.

नीरजा यांची ‘आश्वासक चित्र’ ही त्याच पुस्तकातली कविता याहून बोलकी आहे. मुलगी बाहुली घेऊन भातुकली खेळते आहे, मुलगा चेंडू उडवतो आहे. ‘बाहुली म्हणजे घरकाम, चेंडू म्हणजे स्वातंत्र्य’ हे कोणताही मुलगा अर्ध्या मिनिटात सांगेल, आणि ते चूकही नाही. पण तेवढ्यावर निबंध उभा राहत नाही, कारण कवितेतली घटना त्या जोड्यांमध्ये नाहीच. ती वस्तूंच्या हातबदलात आहे. मुलगी चेंडू मागते, मुलगा हसतो, ती चेंडू उंच उडवून झेलते, आणि मग मुलगा बाहुली उचलतो. आराखडा करणाऱ्या विद्यार्थ्याने वस्तूंची यादी करून थांबू नये. कोणती वस्तू कोणाच्या हातात, कोणत्या क्रमाने आणि कशानंतर आली, याची यादी करावी. तशी यादी केली की प्रश्न आपोआप उभे राहतात. आधी मागावे कोणाला लागले? हसले कोण? स्वतःला सिद्ध करून दाखवण्याची वेळ मुलीवर आली, मुलावर का नाही आली? कवितेच्या नावातला ‘आश्वासक’ हा शब्द तिला पूर्णपणे लागू पडतो, की त्या आश्वासनात एक अटही दडलेली आहे? इथे विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःचे काहीतरी म्हणू लागतो, आणि ते म्हणणे शिक्षकाला पाठ्यपुस्तक उघडून तपासता येते.

आराखडा म्हणजे नेमके काय, हे बालकवींच्या ‘औदुंबर’वरून दाखवता येईल. कविता अवघ्या आठ ओळींची आणि तिच्या अर्थावरून समीक्षकांत पिढ्यान् पिढ्या मतभेद. पहिली पायरी नोंदींची. झाड कुठे येते? फक्त शेवटच्या ओळीत; आधीच्या सात ओळी त्याच्यासाठी जागा तयार करतात. त्याच्या आसपास काय आहे? निळसर झरा, पुन्हा पुन्हा येणारा हिरवा रंग, पांढरी पायवाट आणि काळा डोह. हालचाल कुणाची? झरा वाहतो, पायवाट वेडीवाकडी होत हिरवळीतून डोहाकडे जाते. झाड मात्र बसलेले आहे, तेही पाण्यात पाय सोडून, माणसासारखे. दुसरी पायरी प्रश्नाची: सगळे काही जिथे येऊन थांबते, त्या काळोख्या जागी हा एकटाच इतका निवांत का? तिसरी पायरी एका वाक्याच्या विधानाची: औदुंबर हा भयाच्या जागेशी ओळख करून घेतलेल्या, तिथेच शांतपणे बसलेल्या मनाचे प्रतीक आहे. चौथी पायरी विधानाखाली आधार लावण्याची: रंगांचा हिरव्याकडून काळ्याकडे जाणारा क्रम, गती आणि स्थिरता यांचा विरोध, बसण्याची मानवी ढब. प्रत्येक आधारासमोर एक वाक्य लिहायचे, की हा आधार विधानाला नेमका कसा टेकू देतो. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर तो आधार कितीही सुंदर असला तरी आराखड्यातून काढायचा.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि आपल्याकडे जवळजवळ कधीच न शिकवली जाणारी: विधानाला अडवणारे काय आहे? समजा, विद्यार्थ्याने डोह म्हणजे मृत्यू असे धरले. पण कवीने पाण्यावरच्या त्या काळिम्याला गोड म्हटले आहे. मृत्यू गोड कसा? आता एकतर विधान बदलावे लागेल, नाहीतर या गोडव्याचा हिशेब देणारा मुद्दा घालावा लागेल. बाहेरून आणलेल्या माहितीची चाळणीही इथेच लागते. बालकवी १९१८मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात गेले. म्हणून या कवितेत मृत्यूची चाहूल आहे, असे सहज लिहिले जाते. पण कवितेनंतर घडलेली घटना कवितेच्या अर्थाचा पुरावा होऊ शकत नाही. औदुंबर हे दत्ताचे झाड, म्हणून हा पाण्यात बसलेला तपस्वी, हा मुद्दा त्याहून बळकट आहे, कारण ती जाणीव मराठी वाचकाजवळ आधीपासूनच आहे. तरीही कवितेत दत्ताचे नाव नाही, तेव्हा त्या संदर्भाने विधानाला साथ द्यावी, त्याने पाया होऊ नये. असा विचार केलेल्या विद्यार्थ्याचा निबंध भाषेने साधा असला, तरी तो त्याचा स्वतःचा असतो. कारण विचार निबंध लिहिताना होत नाही, आराखड्यातच होतो.

यावर पहिला आक्षेप रसिकांचा असतो. कविता अनुभवायची असते, तिची चिरफाड कशाला? आक्षेपामागची भावना खरी आहे, पण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. आज वर्गात जे चालते तो अनुभव नव्हे. दुसऱ्याने घेतलेल्या अनुभवाचा गोषवारा पाठ करणे आहे. पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे जाते हे ज्याने स्वतः शोधले, त्याला ती कविता अधिक दिसली, कमी नाही. शास्त्रीय संगीत ऐकताना सम कुठे येते हे कळल्याने गाणे कुणाचे कोमेजत नाही. शिवाय ज्या कवितेवर काही लिहायचेच नाही, ती नुसती मोठ्याने वाचून ऐकवावी. तसे तासही शाळेत हवेत. पण परीक्षेत प्रश्न विचारायचा आणि विचार करायला मात्र शिकवायचे नाही, हा रसिकपणा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा, तर चूक काहीच उरत नाही, आणि लाखो उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासायच्या कशा? यातला पहिला भाग गैरसमजातून येतो. अर्थ अनेक असू शकतात म्हणजे कोणताही असू शकतो, असे नाही. औदुंबर हे स्वातंत्र्यलढ्याचे प्रतीक आहे असे कुणी लिहिले, तर त्याला आठ ओळींत एकही आधार सापडणार नाही, आणि आराखड्यातली आधाराची जागा रिकामी राहील. म्हणजे आराखडा हीच मोकाट अर्थांवरची वेसण आहे. दुसऱ्या भागाचे उत्तरही त्यातच आहे. परीक्षकाने अर्थ आदर्श उत्तराशी जुळतो का हे पाहण्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात: विधान स्पष्ट आहे का, आधार कवितेतला आहे का, आधार आणि विधान यांचा सांधा दाखवला आहे का, विरुद्ध जाणाऱ्या तपशिलाची दखल घेतली आहे का. या चारही गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. ‘रसग्रहण प्रभावी आहे’ या शेऱ्यापेक्षा त्यांच्यात दोन परीक्षकांचे एकमत होणे सोपे आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. वर्गात साठ मुले, अभ्यासक्रमाची घाई, अशैक्षणिक कामांचा भार, आणि त्यात घरात पहिल्यांदाच शाळेत आलेली मुले. त्यांना तयार मुद्दे हा आधार असतो. तो काढून घेतला तर ती कोरा कागद देतील, असे शिक्षक म्हणतात. आधार हवाच, यात वाद नाही. पण उत्तरांच्या रूपातला आधार मुलाला आयुष्यभर गाईडवर ठेवतो. प्रश्नांच्या रूपातला आधार त्याला एक दिवस स्वतःच्या पायांवर उभे करतो. ही वस्तू कुठे कुठे येते, तिच्या जवळ काय आहे, कवितेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत तिच्यात काय बदलते, हे तीन प्रश्न कोणत्याही कवितेला लागू पडतात आणि ते फळ्यावर लिहायला दोन मिनिटे पुरतात. त्यांची उत्तरे द्यायला इंग्रजी संदर्भग्रंथ लागत नाहीत, शहरातला क्लास लागत नाही. समोरची कविता पुरते. उलट गावातल्या मुलाने डोह, पायवाट, औदुंबर प्रत्यक्ष पाहिलेला असतो, त्यामुळे इथे त्याचे पारडे जड असण्याचीच शक्यता जास्त. तपासण्याचा भारही वाढत नाही: अर्ध्या पानाचा आराखडा चार पानांच्या निबंधापेक्षा लवकर वाचून होतो, आणि मूल कुठे अडले हे त्यात लगेच दिसते.

बदलाला मोठ्या समितीची गरज नाही. दहावीच्या मराठीत ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला आहेत. त्या वीसातले काही गुण वर्गात, पाठ्यपुस्तक उघडे ठेवून, हाताने लिहिलेल्या एका आराखड्याला द्यावेत. मोबाइलवर तयार निबंध मिळण्याच्या या दिवसांत मुलाने स्वतः विचार केला की नाही हे पाहण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. लेखी परीक्षेतही एखाद्या वर्षी रसग्रहणाच्या जागी असा प्रश्न यावा: दिलेल्या कवितेतील एका प्रतीकाविषयी तुमचे विधान लिहा, त्याला कवितेतील तीन आधार द्या आणि त्याविरुद्ध जाणारा एक तपशील नोंदवा. परीक्षेत जे विचारले जाते तेच आपल्याकडे शिकवले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा सुरुवात परीक्षा मंडळानेच करावी. तोवर शिक्षकांनी वाट पाहू नये. पुढची कविता शिकवताना तिच्यातल्या प्रतीकाचा अर्थ फळ्यावर लिहू नका. ते तीन प्रश्न लिहा आणि मुलांना दहा मिनिटे द्या.