वरकस जमिनीला झाड कोणते?

वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, हे चाळकऱ्यांच्या चिकाटीचे फळ होय. परंतु यांपैकी कित्येकांची नावे कोकणातील सातबाऱ्यावरही आहेत, आणि त्या जमिनीची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

ती जमीन बहुधा वरकस. डोंगरउताराची, जांभ्याची, आम्लधर्मी. तिच्यावर नाचणी-वरी पिकली, भाताच्या राबासाठी ऐन-किंजळीचे टाळ वर्षानुवर्षे तोडले गेले, झाडे खुंटली आणि उघडी पडलेली माती पावसाने धुऊन नेली. १९८२ च्या संपात गिरणी कामगार गावी परतला तेव्हा तिच्यापाशी देण्याजोगे फारसे उरले नव्हते.

सरकारी उपाय त्याच दशकात आला: सामाजिक वनीकरण. निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन अकेशिया. निलगिरीचा पाला गुरे तोंडात घेत नाहीत. तिचे लाकूड कागद गिरणीच्या कामाचे. सुबाभूळ हवेतील नत्र जमिनीत आणते खरी, पण आम्लधर्मी मातीत ती नीट वाढतच नाही. अकेशिया वाढते, नत्रही देते. मात्र तिची जाड पाने कुजता कुजत नाहीत आणि तिच्याखाली गवत क्वचितच टिकते. म्हणजे ‘नत्र देणारे झाड’ एवढी कसोटीही पुरेशी नाही. पाला कुजतो का, गुरे खातात का, सरपण मिळते का, तोडल्यावर पुन्हा फुटते का, हे सारे पाहावे लागते. करंज, शिरीष, पांगारा यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू नत्र धरतात. बांधावर गिरिपुष्पाची फांदी खोचली तरी रुजते आणि तिचा पाला भातखाचरात उत्तम हिरवळीचे खत होतो. या सावलीत माती थोडी सावरली की ऐन-किंजळ आपणहून फुटू लागतात, अर्थात चराईला काही वर्षे आवर घातला तर. या झाडांना कोणी ठेकेदार भाव देत नाही, म्हणून रोपवाटिकांच्या यादीत ती मागे राहतात. २०१९ मध्ये राज्य शासनाने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. संख्येचा गाजावाजा झाला, जातींची चर्चा फारशी झाली नाही.

यात चाकरमान्याचाही दोष आहे. सातबाऱ्यावर नाव त्याचे, पण मोळी वाहते आणि शेळी राखते ती गावातली बाई, जिचे नाव बहुधा कागदावर नसते. झाड निवडण्याचा पहिला हक्क तिचा. गणपतीला गावकीची बैठक बसते. तेथे देवळाच्या रंगाइतकाच वेळ या प्रश्नाला द्यायला हवा. वरळीच्या गाव-मंडळांनी रोपांची मागणी त्याच बैठकीत तिच्या तोंडून ऐकून घ्यावी आणि मगच अर्जावर सह्या कराव्यात.