कोणाचं जमा, कोणाच्या नावे?

मंडळी, रिटायर होणाऱ्या माणसाचा निरोपाचा ईमेल तुम्हीही वाचला असेलच. बँकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वीसएक वर्षं काढल्यामुळे माझ्याकडे तर असल्या मेल्सचा साठाच झालाय. काही आमच्या कंपनीतले, बरेचसे क्लायंट बँकांमधले. साचा एकच. ‘हा प्रवास खूप सुंदर होता’, मग ‘माझ्या सर्व वरिष्ठांचे मनःपूर्वक आभार’, आणि सगळ्यात शेवटी, ता. क. टाकावा तसं, ‘कुटुंबाच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हतं’. खाली पर्सनल ईमेल आयडी. संपलं! पस्तीस वर्षांचा हिशेब चार ओळींत.

आता गंमत बघा. ही तीच माणसं, ज्यांनी आयुष्यभर दिवसाअखेरी एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घर गाठलं नाही. त्यांनी स्वतःच्या करिअरचा ताळेबंद इतका ढोबळ का मांडावा? माझं म्हणणं असं, की आभार मानायचे तर नावानिशी आणि बाबवार मानावेत, आणि समोरच्याला त्यासाठी काय मोजावं लागलं तेही सांगावं. मोघम आभार म्हणजे नुसता शिष्टाचार. त्यात कोणी दिलं आणि कोणी घेतलं याचा पत्ताच लागत नाही.

हे ‘कोणी दिलं, कोणी घेतलं’ मी शिकलो ते एका निवृत्त बँक ऑफिसरकडून. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते आमच्या प्रोजेक्टवर डोमेन एक्स्पर्ट म्हणून आले होते. ‘साहेब’ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून आम्ही सगळे काका म्हणायचो. मी इंजिनिअर. माझ्या लेखी क्रेडिट म्हणजे प्लस आणि डेबिट म्हणजे मायनस. काकांनी ते डोक्यातून साफ काढून टाकलं. म्हणाले, "अरे, अधिक-उणे विसर. जो देतो त्याचं जमा, जो घेतो त्याच्या नावे. तू बँकेत पैसे भरलेस, म्हणजे तू दिलेस. म्हणून पासबुकात तुझं जमा. पण बँकेच्या दृष्टीने ते तिचं देणं आहे, कमाई नाही." पुढे व्याजाचं, बुडीत कर्जाचं, वर्षअखेरीचं असं कितीही किचकट कोड लिहायची वेळ आली, तरी या एका वाक्यावर निभावलं. त्या वाक्यासाठी त्यांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी नेहमीची लोकल सोडून दिली होती, सलग दोन महिने. त्याचे त्यांना जादा पैसे मिळत नव्हते.

मराठीत हे शब्द किती नेमके आहेत बघा. डेबिटला आपण ‘नावे’ म्हणतो. पुस्तकाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं, त्याला ‘ऋणनिर्देश’ म्हणतात, म्हणजे चक्क कर्जाची नोंद! आणि ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेलं जाणणारा. नुसतं गहिवरून येणं पुरत नाही, काय केलं ते माहीत असायला हवं. या हिशेबाने ‘सेल्फ-मेड’ ही एकेरी नोंद झाली. मालमत्ता दाखवली, देणं दाखवलंच नाही. कुठलाही ऑडिटर असला ताळेबंद पास करणार नाही.

असो. आता सगळ्यांना माहीत असलेलं एक उदाहरण घेऊ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फ्लॅटचा ईएमआय एचडीएफसीकडे जात असेल. ही संस्था ह. ठा. पारेखांनी १९७७ साली काढली, वयाच्या ६६ व्या वर्षी. त्याआधी १९५६ पासून दोन दशकं ते आयसीआयसीआयमध्ये होते. तोवर आपल्याकडे मध्यमवर्गीय माणूस घर बांधायचा तो बहुधा रिटायर झाल्यावर, फंडाच्या पैशातून. पगारदाराला तरुणपणीच घरासाठी कर्ज द्यावं, ही कल्पना बऱ्याच लोकांना वेडगळ वाटली होती. पुढच्याच वर्षी पारेखांनी पुतण्याला बोलावून घेतलं. दीपक पारेख तेव्हा चेस मॅनहॅटन बँकेत होते, आणि निम्म्या पगारावर काकांकडे आले. १९८५ मध्ये ते मॅनेजिंग डायरेक्टर झाले, १९९३ मध्ये चेअरमन. २०२३ च्या जूनअखेर ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, संस्था एचडीएफसी बँकेत विलीन झाली. पंचेचाळीस वर्षं!

‘काकाची कंपनी होती, मग काय!’ असं तुम्ही म्हणाल, आणि तो प्रश्न रास्त आहे. मला इथे महत्त्वाचं वाटतं ते असं, की दीपक पारेखांनी ती गोष्ट कधी झाकली नाही. काकांनी बोलावलं, काकांनी घडवलं, हे ते जाहीरपणे सांगत आले. नाव घेतलं की बाकीच्यांना तपासता येतं: बोलावणं नात्यातून आलं, बरोबर, पण पुढे काम कसं झालं? नाव लपवलं तर हा प्रश्न विचारताच येत नाही. आपल्यात किती जणांना पहिली नोकरी मामाच्या ओळखीने, मित्राच्या रेफरलने किंवा कॉलेजातल्या सीनियरच्या एका फोनने मिळाली? इन्क्रीमेंट होईपर्यंत तो मामा आपण सोयीस्करपणे विसरलेलो असतो. ऋण सांगितल्याने कर्तृत्व कमी होत नाही, फक्त त्याचं खरं माप कळतं.

पण फायनान्समध्ये कृतज्ञतेला एक धोकाही आहे. उपकाराची फेड लोकांच्या पैशातून करण्याचा मोह! ज्याने मला वर आणलं त्याच्या माणसाला कर्ज, ज्याने शब्द टाकला त्याच्या कंपनीला सवलत. स्वतःच्या घरासारखं वागायचं आणि पैसे ठेवीदाराचे. म्हणून मला स्टेट बँकेच्या आर. के. तलवारांची गोष्ट फार मोलाची वाटते. ते १९६९ मध्ये चेअरमन झाले. आणीबाणीत एका आजारी सिमेंट कंपनीला मदत करताना बँकेने अट घातली, की प्रवर्तकाने बाजूला व्हावं आणि व्यवस्थापन व्यावसायिक माणसाकडे द्यावं. ही अट काढून टाकावी म्हणून संजय गांधींकडून दबाव आला. तलवार हटले नाहीत. शेवटी सरकारने स्टेट बँकेच्या कायद्यातच बदल केला आणि १९७६ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

त्यांना गुरुस्थानी मानणारे एक बँकर म्हणजे एन. वाघुल. त्यांचीही सुरुवात स्टेट बँकेतच झाली. १९८१ मध्ये ते बँक ऑफ इंडियाचे प्रमुख झाले आणि १९८५ मध्ये आयसीआयसीआयचे. वाघुल २०२४ मध्ये गेले. तलवारांचं ऋण त्यांनी कसं फेडलं? एक म्हणजे तलवारांविषयी त्यांनी लिहून ठेवलं. आज हा प्रसंग आपल्याला तपशिलाने माहीत आहे, त्यात त्या लिखाणाचा मोठा वाटा आहे. दुसरं म्हणजे त्यांनी माणसं घडवली. के. व्ही. कामत १९७१ मध्ये आयसीआयसीआयमध्ये लागले होते, १९८८ मध्ये ते आशियाई विकास बँकेत गेले. १९९६ मध्ये वाघुलांनी त्यांना परत आणून संस्थेची सूत्रं हातात दिली. गेलेल्या माणसाला परत बोलावून खुर्ची द्यायची, म्हणजे आधी स्वतः उठावं लागतं. ही फेड स्वतःच्या खिशातली. यात ठेवीदाराचा एक पैसा गेला नाही.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येऊ: ‘कुटुंबाचा पाठिंबा’. बँकेत ज्या रकमेचा धनी कळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. तात्पुरती. मग शोध घेऊन ते खातं निरंक करायचं असतं. आपण मात्र घरच्यांचं सगळं देणं आयुष्यभर ‘पाठिंबा’ नावाच्या सस्पेन्स खात्यात ठेवून देतो!

माझे बाबा राष्ट्रीयीकृत बँकेत होते. १९६९ मध्ये १४ आणि १९८० मध्ये आणखी ६ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा निघाल्या, हे आपण पुस्तकात वाचतो. त्या शाखांवर जी माणसं पाठवली, त्यांच्यामागून ट्रकमध्ये बसून कोण गेलं, हे त्या पुस्तकात नसतं. मी चार शाळा बदलल्या. त्याचं काही नाही, पोरं कुठेही रुळतात. पण आईने लग्नाआधीपासूनची सांगलीतल्या शाळेची नोकरी सोडली, ती दुसऱ्याच बदलीला. नंतर दोन गावांत तिने पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही वेळा रजेवरच्या बाईंची जागा होती, त्या परत आल्या.

बाबांच्या निरोप समारंभात त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. आम्हाला वाटलं भाषण असेल. तो हिशेब होता! तीस वर्षांचा आईचा पगार अंदाजे किती झाला असता, वेतन आयोगाची वाढ धरून, अधिक तिचं पेन्शन. त्यांनी बेरीज वाचून दाखवली आणि म्हणाले, "ही रक्कम माझ्या नावे आहे. बँकेने मला जे दिलं, त्यात ही धरलेली नाही." पुढे त्यांनी तीन वरिष्ठांची नावं घेतली, प्रत्येकाने काय शिकवलं ते एकेका वाक्यात सांगितलं आणि खाली बसले. घरी आल्यावर आई चिडली. "चारचौघांत पैशाचं कशाला बोलायचं?" म्हणाली. चिठ्ठी मात्र तिने एफडीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवली आहे. अजून आहे.

मला हे भाषण आवडतं कारण त्यात ‘तिने त्याग केला’ असलं एकही वाक्य नव्हतं. त्याग म्हटलं की समोरच्याला मखरात बसवता येतं आणि विषय संपतो. रक्कम म्हटली की ती कोणावर तरी निघते. आज आपण ऑनसाइट जातो, रात्री अकरापर्यंत कॉल घेतो, तेव्हा घरात कोणाचं तरी काहीतरी थांबलेलं असतं. बायकोची प्रमोशनची परीक्षा असेल, नाहीतर नवऱ्याने नाकारलेली बदली, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. ते आत्ताच लिहून ठेवलं तर कदाचित थोडं फेडताही येईल. निरोपाच्या भाषणापर्यंत थांबलो तर नुसता उल्लेख करणं तेवढं हातात राहतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. ज्यांनी छळलं ‘त्यांचेही आभार, त्यांच्यामुळे मी घट्ट झालो’ अशी हल्ली फॅशन आहे. मला ती पटत नाही. चारचौघांत अपमान करणाऱ्या साहेबाने मला काही दिलेलं नाही. जे शिकलो ते त्याच्या तावडीतून सुटायला मदत करणाऱ्या सहकाऱ्यांकडून. जमा त्यांच्याच खात्यात पडलं पाहिजे.

कंपनीने आपली कृतज्ञता कशी मोजायची, याचं सूत्र तर १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने देऊनच टाकलं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. आपल्यासाठी असं सूत्र नाही, त्यामुळे बसून आठवावं लागतं. मी काकांना दोन वर्षांपूर्वी तसं पत्र लिहिलं, सात बाबी, नंबर घालून. त्यांचं उत्तर आलं: "पत्र पोचले. बाब क्र. ५ मध्ये दुरुस्ती हवी. कॉम्प्युटर मला तू शिकवलास, ती रक्कम वळती करून घे." :)

तेव्हा मंडळी, या वीकेंडला एक कागद घ्या. निरोपाच्या मेलला अजून वीस वर्षं असतील, असू देत. तीन नावं लिहा. प्रत्येकापुढे नेमकं काय मिळालं आणि त्या माणसाचं त्यात काय गेलं ते लिहा. मग त्यातल्या एकाला फोन लावा. नुसतं थँक यू म्हणून ठेवू नका, कागदावरचं वाचून दाखवा.