यादीत न आलेली सोय

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी सरदारपूरहून मुद्दाम भेटावयास आला. वडिलांचे घर विकून देवासच्या बाहेरील एका नव्या वसाहतीत बिऱ्हाड हलविण्याचे त्याच्या घरी घाटते आहे. त्याने खिशातून सोयींची यादी काढली. डांबरी रस्ता, नळ, हाकेच्या अंतरावर शाळा, दवाखाना, भाजीबाजार, बगीचा. "गुरुजी, काही राहिले का?" मी विचारले, "तुझा तानपुरा कोठे लागणार?" तो हसला आणि मग गप्प झाला. पहाटेचा रियाज चालणार नाही, असे तेथील मंडळींनी त्याला अगोदरच बजावले आहे.

त्याच्या यादीला मी नावे ठेवीत नाही. १९९० च्या सुमारास ज्या देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या गावी घर घेणाऱ्याने आधी नळाची चौकशी करावी, हे शहाणपणच. जुन्या वाड्यांचे गोडवे गाताना आपण एक सोयिस्करपणे विसरतो. त्या वाड्यांत पाणी बायकांच्या कमरेवरून येई आणि त्यांचे निम्मे आयुष्य काळोख्या माजघरात जाई. ते दिवस परत यावेत, असे कोण म्हणेल?

परंतु त्या वाड्याला ओसरी होती. माझे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार गेला, ओसरी राहिली. संध्याकाळी वडील गाऊ लागले की शेजारचा शिंपी हातातले काम घेऊनच येऊन बसे. त्याला राग ओळखता येत नसे, पण सूर हलला की त्याची सुई थांबे. हा कान त्याला कोणत्याही शाळेने दिला नव्हता. शेजाराने दिला होता.

वाचकांना कुमार गंधर्वांची हकीकत ठाऊक आहे. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमारजी हवापालटासाठी देवासला आले. उस्ताद रजबअली खाँसाहेबांचे वास्तव्य असलेले हे गाव. पण कुमारजींचे स्वतःचे गाणे तेव्हा बंद होते. काही वर्षे त्यांनी केवळ ऐकले. बायकांची माळवी गीते ऐकली, निर्गुणी भजने ऐकली. त्या ऐकण्यातून पुढे धुनउगम राग आले, आणि १९६५ साली 'अनुपरागविलास' प्रसिद्ध झाला. बरे झाल्यावर मुंबई त्यांना दूर नव्हती. तरीही टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' उभे राहिले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी जग सोडीपर्यंत ते देवासकरच राहिले. आता कल्पना करा, शांततेच्या नावाखाली त्या गल्लीत गाण्याला बंदी असती तर? बिछान्यावरल्या त्या माणसाच्या कानी काय आले असते?

शेजाऱ्याच्या झोपेचा मान राखलाच पाहिजे. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला पहाटेचा षड्ज ऐकविणे हा काही संगीतप्रसार नव्हे. तथापि मौज अशी की, वरातीचे कर्णे ज्या वसाहतीला चालतात, तिला तानपुरा तेवढा खुपतो. बगीच्यासाठी जमीन राखून ठेवता येते, तर चार माणसांनी बसून गाण्यावाचण्यासाठी एक खोली का राखता येऊ नये? नकाशा आखणाऱ्यांना ती सुचत नाही, कारण घर घेणारे आपण ती मागत नाही.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, घर अवश्य घे, पण पैसे देण्यापूर्वी एक संध्याकाळ तेथे जाऊन बस. शेजाऱ्यांना गाणे ऐकव, रियाजाची वेळ त्यांच्याशी बोलून ठरव, त्यांच्या मुलांना शिकवीन म्हण. तेवढ्यावरही दारे बंदच राहिली तर सरदारपूरचे घर विकू नकोस.

त्याने यादीच्या तळाशी 'ओसरी' असे लिहिले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्याच्या पत्राची मी वाट पाहतो आहे.