शिक्षक दोन, शिस्तीच्या तऱ्हाही दोन. मग मुलांनी ऐकायचं कुणाचं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतल्या सहावीच्या एका मुलीचा मृत्यू झाला. शाळेत उशिरा आली म्हणून तिला पाठीवर दप्तर घेऊन शंभर उठाबशा काढायला लावल्या, असा आरोप कुटुंबाने केला. त्यानंतर सोशल मीडियावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, शिक्षकांना कायद्याचा धाकच उरला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, आम्ही मार खाऊनच शिकलो, आता शिक्षकांचे हात बांधून ठेवलेत.

हेच दोन तट शिक्षकांमध्येही असतात, पण त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

छोट्या शाळेत हा वाद जास्त का बोचतो?

देवगड तालुक्यातली एखादी वाडीवरची जिल्हा परिषद शाळा डोळ्यासमोर आणा. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल, तर शिक्षक दोन. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. मोठ्या शाळेत सहकाऱ्याची पद्धत पटली नाही, तर स्टाफरूममध्ये तिसऱ्या कुणाशी तरी बोलता येतं. इथे तिसरं कुणी नाही. मुख्याध्यापकही बहुतेक वेळा त्या दोघांपैकीच एक.

एका वर्गात गृहपाठ राहिला तर शेजारी बसवून पुन्हा समजावतात. पलीकडच्या वर्गात अंगठे धरून उभं करतात. मधे एक भिंत, पण मुलांना सगळं दिसतं. कुठल्या गुरुजींसमोर कसं वागायचं, हे ती शिकतात. असं का वागायचं, ते मात्र राहून जातं.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ स्पष्ट आहे: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायचा नाही. केल्यास सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. पण बालन्याय कायदा २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू होतं. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

'गुरुजी, मस्ती केल्यान तर चार फटके घाला, आमचा काय्येक म्हणणा नाय,' असं सांगणारे पालक आजही भेटतात. पण पालकांची परवानगी असेल तर चालेल, अशी सवलत कलम १७ मध्ये नाही.

मग वाद उरतो कुठे?

छडीचा प्रश्न कायद्याने मिटवला. वाद उरतो तो शब्दांचा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांचा व्यवसाय, जात किंवा आजार यावरून मुलाची टिंगल करणं हासुद्धा मानसिक छळच आहे. वडील खलाशी आहेत म्हणून मुलाला 'तू शेवटी होडीवरच जाणार' म्हणणं, आंबा बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलीच्या मराठीवर वर्गाला हसवणं, 'ढ' म्हणून हाक मारणं, हे सगळं त्यात येतं. याचे वळ दिसत नाहीत, म्हणून तक्रारही होत नाही. भिंतीपलीकडच्या शिक्षकाला मात्र ते ऐकू येतं.

कडक शिक्षकाचं म्हणणं चूकच का?

नाही. एकाच वेळी दोन इयत्ता, शिवाय पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं सांभाळताना वर्ग शांत ठेवावाच लागतो. खोट्या तक्रारीची भीतीही खरी आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, शिक्षकावर आरोप झाल्यास अटकेआधी प्राथमिक चौकशी व्हावी, असं म्हटलं ते यासाठीच.

शिवाय 'मुलांशी प्रेमाने वागा' एवढं सांगून भागत नाही. नियमच नसलेल्या वर्गात दांडगट मुलं गरीब मुलांना छळतात. त्यांचा मान राखणं हेही शिक्षकाचंच काम आहे.

काय करता येईल?

जूनमध्ये शाळा सुरू होतानाच दोन्ही वर्गांसाठी चार-पाच नियम एकत्र ठरवावेत: उशीर झाला तर काय, गृहपाठ राहिला तर काय, मारामारी झाली तर काय. ते शाळा व्यवस्थापन समितीत वाचून दाखवावेत. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे 'चार फटके घाला' म्हणणाऱ्यांशीही तिथेच बोलता येतं.

सहकाऱ्याची पद्धत पटली नाही, तर ते मुलांसमोर न बोलता शाळा सुटल्यावर बोलावं. तिढा सुटला नाही, तर केंद्रप्रमुखांकडे जावं. मात्र मुलाला इजा होत असेल, तर शाळा सुटायची वाट पाहायची नाही. तिथल्या तिथे थांबवायचं. मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

सहकाऱ्याला अडवलं की संबंध बिघडतात. दोनच शिक्षकांच्या शाळेत ते रोज जाणवतं, म्हणून बरेच जण गप्प बसतात. पण पलीकडच्या वर्गातल्या मुलाचा आवाज आधी पोचतो तो त्यांच्याच कानावर.