संगीताची पदवी कोणाच्या पंगतीस?

विद्यापीठांत आता गाण्याबजावण्यात एम. ए. होता येते, पुढे पीएच. डी.ही करता येते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली निघाले. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे, लोककला अकादमीही आहे. ही विद्यापीठे रयतेच्या करावर उभी आहेत. तेव्हा तेथील वर्गांत रयतेची मुले किती बसतात, हे विचारण्याचा आम्हांस पुरा हक्क आहे.

ज्या तंबोऱ्यावर सूर लावून ही पदवी मिळते, तो येतो कोठून? पंढरपूरच्या बाजूचा शेतकरी मोठाले भोपळे पिकवितो. मिरजेचा शिकलगार कारागीर ते कोरून, तारा चढवून त्यांना बोलते करतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळा आमचा, हात आमचा; मग गळा तेवढा परक्याचा का?

राजर्षी शाहू छत्रपतींनी अल्लादियाखाँसाहेबांस कोल्हापुरी आश्रय दिला, तेव्हा गुण पाहिला, जात-धर्म पाहिला नाही. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवून स्वरलिपीत छापल्या. या श्रमांनी विद्येचे कुलूप निघाले, हे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. परंतु कुलूप गेले तरी उंबरठा राहिला. आता दाराशी विचारतात, 'आधी कोणत्या परीक्षा दिल्या?' ज्याच्या घरी फीचे पैसे आणि रिकामी संध्याकाळ, तो आत जातो. गुरवाची सनई, गोंधळ्याचा संबळ, मातंगाची हलगी ज्या पोराने बापाजवळ बसून आत्मसात केली, त्याचे ते शिक्षण कोणत्या दाखल्यावर लिहावयाचे?

कोणी म्हणेल, लोककलेसाठी वेगळी अकादमी आहे ना? आहे, आणि ती हवीच. पण वेगळी पंगत मांडली म्हणजे मान दिला असे होत नाही. संबळाचा ताल व तबल्याचा ताल एकाच वर्गात, एकाच योग्यतेने शिकविला पाहिजे.

आपल्या घरांतूनही प्रश्न येतो, 'गाण्याने पोट भरते काय?' आम्ही खोटी आशा दाखवीत नाही. एम. ए. झाल्याने नोकरी दाराशी चालत येत नाही. पण महाविद्यालयात संगीत शिकविण्याची जागा निघाली, की पदवी व नेट परीक्षा विचारली जाते. ज्याच्यापाशी कागद नाही, त्याची कला दुसरा शिकवितो आणि पगारही दुसराच घेतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रवेशाच्या वेळी मुलाचे स्वतःचे वाद्य ऐकावे. हलगी, संबळ, सनई हे मुख्य विषय असावेत. स्थानिक कलावंत व कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांत घेण्याबाबत अनुदान आयोगाने २०२३ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ती कपाटात न ठेवता मिरजेचा कारागीर व गावचा गोंधळी वर्गात बोलवावा, आणि त्यास योग्य मेहनताना द्यावा.

आणि बंधुभगिनींनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. पोराच्या हातची हलगी हिसकावून पुस्तक देऊ नका. पुस्तक टाकून नुसती हलगीही देऊ नका. मुलगी गात असेल तर तिला गप्प बसवू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. दोन्ही हातांत दोन्ही विद्या आल्या, तरच हा उंबरठा झिजेल.